वाजणारी भाजी

लग्न होऊन मी बंगळूरला आले तेव्हा स्वयंपाकाच्या बाबतीत माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या, पुण्याहून आणलेला गोडा मसाला आणि भरपूर आत्मविश्वास. मसाला दोन-तीन महिन्यांत संपला. आत्मविश्वास सासूबाईंनी त्याआधीच संपवला, तोही एक शब्द न बोलता, नुसता स्वयंपाक करून. त्यामुळे मला त्यांच्यावर धड रागावताही येईना. एरवी रागावणं मला छान जमतं. माझा राग नाकावर असतो असं माझी आई सगळ्यांना सांगते. मला बघायला आलेल्या मंडळींनाही तिने ते सांगून टाकलं होतं.

सासरचं घर यशवंतपूरच्या बाजूला. माणसं मराठी, पण तीनशे वर्षांपूर्वी कधीतरी इकडे आलेली आणि परत न गेलेली. घरात बोलायची मराठीच, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं, की पहिले काही दिवस मी नुसतीच मान डोलवत होते. कढईला ही माणसं बाणली म्हणत, सुक्या भाजीला पल्य, पुरणपोळीला होळिगे. थोडं म्हणजे स्वल्प, ठीक आहे म्हणजे सरी. सासूबाईंना सगळं घर अक्का म्हणायचं, त्यांचा मुलगासुद्धा, आणि सासऱ्यांना अण्णा. मीही तेच म्हणू लागले.

अक्का स्वयंपाक करताना काहीही चाखत नसत. नैवेद्य दाखवायच्या आधी अन्नाला जीभ लावायची नाही, हा नियम आमच्याकडे सणावारी होता. इथे तो रोजचा. चाखणं तर लांबच, भांड्यावर वाकून वासही घ्यायचा नाही, कारण वास घेणं म्हणजे अर्धं जेवणंच झालं. मग मिठाचं कसं कळायचं? अक्कांची मूठ भांड्यावर यायची, किंचित सैल व्हायची आणि परत मिटायची. झालं. ते मीठ कधी कमी पडलं नाही की जास्त झालं नाही. मीठही खडेमीठच लागायचं. अण्णांनी एकदा बारीक मिठाची पिशवी आणली तर अक्कांनी ती कामवाल्या बाईंना देऊन टाकली. मला तो निव्वळ हट्ट वाटला.

मला इंदिरानगरमध्ये नोकरी लागली आणि घरात कामाची वाटणी झाली. सकाळचा सगळा स्वयंपाक अक्कांचा. संध्याकाळी भात आणि सार त्या करून ठेवायच्या, भाजी मी आल्यावर करायची. दोन बस बदलून येणाऱ्या बाईला भाजीसाठी किती वेळ असतो ते सांगायला नको. आमच्या ऑफिसच्या खाली एक छोटं चायनीज हॉटेल होतं. तेव्हा इंदिरानगरात अशी हॉटेलं नव्यानेच निघू लागली होती. पैसे द्यायच्या खिडकीशेजारून आतली शेगडी दिसायची. स्वयंपाकी चिरलेल्या भाज्यांचा ढीग ओतायचा, कढई दोन-चारदा उडवायचा, बाटलीतलं काहीतरी काळं शिंपडायचा आणि भाजी तयार. माझ्या हातातले सुटे पैसे मोजून व्हायच्या आत. मी ठरवलं, हे आपल्याला हवं.

तशी ती भाजी अगदी सोपी आहे. सगळी मेहनत चिरण्यात. बीन्स तिरके कापायचे, गाजराच्या काड्या करायच्या, कोबी जरा जाडसर, सिमला मिरचीच्या पट्ट्या. सगळं चिरून हाताशी ठेवल्याशिवाय गॅस पेटवायचाच नाही. मग लोखंडी बाणली धूर येईपर्यंत तापवायची, तेलात ठेचलेला लसूण आणि आलं टाकून लगेच बीन्स आणि गाजर, ते दोन मिनिटं परतले की कोबी, सिमला मिरची सगळ्यात शेवटी. कडेने चमचाभर सोया सॉस सोडायचा, वर मिरपूड आणि व्हिनेगरचे थेंब. सोया सॉस खारट असतो म्हणून मीठ चिमूटभरच. हात थांबवायचा नाही, आच कमी करायची नाही आणि झाकण तर अजिबात ठेवायचं नाही.

झाकण अजिबात ठेवायचं नाही, हे अक्कांना पटणं शक्य नव्हतं.

पहिल्याच दिवशी मी गॅस पूर्ण मोठा केला तशा त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या लेखी मोठी आच म्हणजे सिलिंडरची नासाडी. तेवढ्यात बाहेर फोन वाजला, ऑफिसचाच होता. मी बोलून परत आले तोवर बाणलीवर ताट झाकलेलं होतं आणि ताटात पाणी ओतलेलं होतं.

“हे काय केलंत, अक्का?”

“वाफ नको होय? बीन्स कच्चे राहतात की.”

“ते कच्चेच राहायला हवेत.”

 अक्का खऱ्या काळजीने म्हणाल्या, “पुण्यात कच्चं खातात?”

त्या दिवशी आम्ही शिजून लगदा झालेली, सोया सॉसच्या रंगाची कोबीची भाजी खाल्ली. मी समजावून सांगितलं. त्यांनी “सरी, सरी” म्हणत ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मी वळले तशी पटकन पाण्याचा हबका मारला. “स्वल्पच मारलं गं,” म्हणाल्या. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, फक्त इथे ते माझ्या भाजीवर पडत होतं. माझी चिडचिड बघून नवऱ्याला हसू आवरेना. “आमच्या घरी तीनशे वर्षं भाजीवरच्या ताटात पाणी आहे. ते तू एका आठवड्यात काढणार?”

मग एका संध्याकाळी अक्का देवळात गेलेल्या असताना मला ती भाजी हवी तशी करता आली. बीन्स हिरवेगार, गाजर दाताखाली कटकन तुटणारं. जेवायला बसलो. अक्कांनी नेहमीसारखा घास घेतला, एकदा चावला आणि थांबल्या. परत चावला. ताटाकडे बघितलं. मी मनात वाद घालायला पदर खोचून तयार.  पण त्यांनी आणखी भाजी वाढून घेतली, मग आणखी एकदा, आणि सगळ्यांच्या मागून उठल्या.

दुसऱ्या दिवशी मी दारात चपला काढत होते तेव्हाच अक्कांनी आतून विचारलं, “आज ती भाजी करतीस का? ती वाजणारी?”

तेव्हापासून घरात तिचं नाव तेच पडलं. अक्का माझ्या येण्याआधी गाजरं सोलून ठेवू लागल्या. अण्णा मार्केटमधून कोवळे बीन्स निवडून आणू लागले. पाण्याचं ताट गेलं. मी परतायला लागले की अक्का बाजूला उभ्या राहून कान देऊन ऐकायच्या आणि म्हणायच्या, “आवाज पडला, पाणी सुटलं बघ, आच वाढव.” त्यांचं बरोबर असायचं. मी मात्र हवेत होते. आईला फोन करून सांगितलं, की सासूबाईंना माझ्या हातची भाजी रोज लागते. आई म्हणाली, “बघ हो, जपून.” तिचा विश्वास बसला नाही.

पाऊस सुरू झाला. एक दिवस मला यायला फार उशीर झाला. बस बंद पडली होती. घरी पोचले तर पानं मांडलेली आणि भाजीही झालेली. अक्कांनी स्वतः केली होती. दिसायला अगदी झकास, माझ्यापेक्षा देखणी. मी घास घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मीठ नेहमीच्या मुठीने पडलं होतं, त्यावर सोया सॉस चांगला रंग येईपर्यंत ओतलेला, आणि व्हिनेगर बहुधा पाण्यासारखं. अण्णांनी एक घास गिळला, तांब्याभर पाणी प्यायलं आणि मुकाट्याने ताकभात कालवायला घेतला. नवरा माझ्याकडे बघू लागला. माझा तिळपापड झाला. मला वाटलं, हे मुद्दाम केलंय, ही भाजी घरातून घालवायला. ते बोलून दाखवायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात अक्कांनी हात पुढे करून बाणली ओढली आणि दुसऱ्यांदा भाजी वाढून घेतली. शांतपणे, चवीने खावी तशी चावू लागल्या. माझं तोंड तसंच राहिलं.

माणूस दुसऱ्याला छळायला खारट करील, पण स्वतः दोनदा कशाला वाढून घेईल?

रविवारी मी म्हटलं, “अक्का, आज भाजी तुम्ही करा, मी बाजूला बसते.” त्यांनी आनंदाने बाणली चढवली, तेलात लसूण टाकला आणि राहिलेले दोन बीन्स चिरायला माझ्याकडे पाठ केली. लसूण तांबूस झाला, मग तपकिरी, मग काळा. करपल्याचा वास स्वयंपाकघरातून बाहेर गेला. बाहेरून अण्णांनी विचारलं, “काय करपतंय?” तेव्हा कुठे अक्का गर्रकन वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. ती भीती होती.

मी गॅस बंद केला. “अक्का, तुम्हाला वास आला नाही?”

“पडसं झालंय.”

“नाही झालेलं.”

त्या पाटावर बसल्या. सुरी हातातच होती. ती मी काढून घेतली आणि समोर बसले.

“तुझ्या लग्नाच्या आधी मला ताप आलेला,” त्या म्हणाल्या. “ताप गेला, तो वास घेऊन गेला. चवही गेली. सगळं एकच लागतं. भात, सार, होळिगे, सगळं. ओला कागद खाल्ल्यागत.”

“डॉक्टरांना दाखवलंत?”

“देवळात जाते सांगून जाऊन आले. येईल म्हणाले सावकाश, आलं तर. कुणाला सांगू नकोस.”

मी हिशेब केला. लग्नानंतर मी या घरात खाल्लेला सकाळचा प्रत्येक घास, ज्याच्यापुढे माझा आत्मविश्वास टिकला नव्हता तो सगळा स्वयंपाक, या बाईंनी चव न कळता केला होता. आणि कुणाला पत्ता लागला नव्हता, कारण त्या चाखत कधीच नव्हत्या. हाताला जे ठाऊक होतं ते हात करत होता. खडेमीठही त्यासाठीच हवं होतं. मुठीला तेच ओळखीचं. माझी भाजी मात्र त्या हाताने कधी केलेलीच नव्हती.

“परवाची भाजी वाईट झालेली ना?” अक्कांनी विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं, पण बोलले नाही. “हो.”

“किती?”

“अण्णांनी तांब्या रिकामा केला.”

त्या हसल्या, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले. “हात आहे तोवर आहे गं. पण हातही म्हातारा होतोय. एक दिवस चुकणार आणि मलाच कळायचं नाही. सगळ्यांसमोर चुकला तर? या वर्षी गौरीचं जेवण तू कर. गुडघे दुखतात म्हणून सांगते मी.”

गौरीचं जेवण म्हणजे काय ते मला मागच्या वर्षी कळलं होतं. साऱ्या भावकीची पानं त्या दिवशी आमच्या घरी पडत. रांधायचं मोठ्या सुनेने, म्हणजे अक्कांनीच. त्या लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून ते दुसऱ्या कुणाच्या हाती गेलेलं नव्हतं. त्यांच्या धाकट्या जाऊबाई मागच्या खेपेलाच म्हणून गेल्या होत्या, “आता सुनेवर सोपवा, अक्का, किती दिवस चूल धरून बसणार?” ज्या बाईच्या हातून गौरीचं जेवण सुटलं तिच्या हातून घर सुटलं, असं अक्का मानत. ते आता स्वतःहून सोडायला निघाल्या होत्या.

“मी करणार नाही,” मी म्हटलं. “मला येतही नाही आणि आलं असतं तरी केलं नसतं. तुम्ही करा. मी बाजूला उभी राहून वास घेते. काही करपलं, काही लागलं तर सांगते.”

“नैवेद्याच्या आधी वास घ्यायचा नाही. पाप लागतं.”

“लागू दे मला.”

 अक्कांनी पदराने डोळे पुसले. “मला मात्र दोन वर्षांत हे पाप लागलेलं नाही बघ,” त्या म्हणाल्या, आणि मग आम्ही दोघीही हसत बसलो.

जरा वेळाने मला आठवलं. “मग माझी भाजी रोज का मागता? चव तर कळत नाही.”

“वाजते ना.” त्या जरा लाजल्यासारख्या झाल्या. “बाकी सगळं मऊ. तोंडात गेलं काय, नाही काय. पापड म्हणशील तर वाजतो आणि मरतो. ही भाजी दाताखाली लढते गं. ही खाताना मला कळतं, की मी जेवते आहे.”

 मी उठून करपलेलं तेल ओतून दिलं, बाणली घासली आणि लसूण पुन्हा ठेचायला घेतला. त्या दिवशी चमच्यात जरा भाजी घेऊन मी त्यांच्यादेखत चाखली आणि मीठ बरोबर असल्याचं सांगितलं. ही भाजी लसणाची, देवापुढे जायची नाही, त्यामुळे तिला कसलाच नियम लागू नव्हता.

गौरीच्या दिवशी अक्का पहाटेपासून उभ्या होत्या. मी बाजूला, नाक उघडं ठेवून. पुरणाची डाळ खाली लागायला आली तेव्हा मी हळूच सांगितलं, त्यांनी पातेलं उतरवलं. खसखस करपू लागताच सांगितलं, त्यांनी हलवली. बाकी सगळं हात करत होता आणि मी बघत होते. फक्त एकदा, भोपळ्याच्या भाजीवर त्यांची मूठ आली आणि तशीच थांबली. मीठ घातलं की घालायचं राहिलं, ते त्यांना आठवेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. चाखायची सोय नव्हती, आणि पापाला न भिणारी मी तेवढ्यासाठी अक्कांचा न चाखण्याचा नियम मोडणार नव्हते. पण त्या दिवशी मी सकाळपासून त्यांच्या मुठीवरून नजर हलवलेली नव्हती.

“पडलंय,” मी म्हटलं.

त्यांनी एकदाही पुन्हा विचारलं नाही. मूठ मागे घेतली आणि मीठ बरणीत टाकलं.

नैवेद्य झाला, पानं वाढली. मी पंगतीत वाढत फिरत होते, पण माझं सगळं लक्ष अक्कांच्या धाकट्या जाऊबाईंच्या हाताकडे. त्यांनी भोपळ्याच्या भाजीचा घास घेतला. मग साराचा भुरका. मग पुरण. अक्का खांबाला टेकून उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

“अक्का,” जाऊबाई म्हणाल्या, “हात तोच आहे हो तुमचा. मी उगीच सुनेवर सोपवा म्हणत होते. तिला शिकायला अजून दहा वर्षं जातील.”

“सरी, जेव तू,” अक्का म्हणाल्या. माझ्याबद्दलचं ते वाक्य एरवी मला झोंबलं असतं. त्या दिवशी मी जाऊबाईंना तुपाची धार जरा जास्तच वाढली.

सगळ्यांचं आटोपल्यावर आम्ही दोघी बसलो. बाहेर ओटीवर मंडळी विडे खात होती. अक्कांच्या पानावर सगळं होतं, त्यांनीच रांधलेलं. औषध घ्यावं तशा त्या एकेक पदार्थ क्रमाने खात होत्या, ताटाकडे न बघता. होळिगेचा तुकडा तोंडात टाकून त्यांनी पाण्याचा घोट घेतला. आख्ख्या घराला तृप्त करून ही बाई ओला कागद चावत होती. मला ते बघवेना. मी हात धुऊन उठले.

“कुठं जातीस? पानावरून उठू नये. बस की.”

मी बीन्स, गाजर आणि सिमला मिरची सकाळीच चिरून ठेवली होती. गॅस मोठा केला. सणाचा दिवस, म्हणून लसूण टाळला, सोया सॉसची बाटली उघडली नाही. नुसतं आलं, मिरपूड आणि चिमूटभर मीठ. भाजी चुरचुरू लागली तशी ओटीवरून जाऊबाईंनी विचारलं, “आता आणि काय करताय?” मी परतायचा हात थांबवला नाही. अक्का मान वळवून ऐकत होत्या. “काढ,” त्या म्हणाल्या, आणि मी गॅस बंद केला.

गरम गरम भाजी त्यांच्या पानावर, होळिगेच्या शेजारी वाढली. त्यांनी घास घेतला. स्वयंपाकघरात दुसरा आवाज नव्हता, त्यामुळे तो मलाही ऐकू आला. त्या सावकाश, एका बाजूच्या दाढेने चावत राहिल्या.

“आत्ता मी जेवले,” अक्का म्हणाल्या, आणि पान माझ्याकडे सरकवलं. “स्वल्प अजून वाढ.”